टिपणिसांचं बोट

शरद टिपणीस मला कधीच आवडले नाहीत. लिहिताना मी त्यांना ‘ते’ आणि ‘त्यांनी’ म्हणतो आहे, ती वयाला दिलेली सवलत समजावी. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं आणि तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही नावाने हाक मारली नाही. मी नागपूरचा, म्हणून माझं नाव ‘नागपूर’. “नागपूर, ती बारीक कानस आण.” “नागपूर, तुमच्याकडे माणसं अशीच उभी राहतात का, कुणी हलवेपर्यंत?” पहिल्या आठवड्यात मी हसलो. दुसऱ्या आठवड्यात कळलं की हा विनोद नव्हे, हा स्वभाव आहे.

बर्मिंगहॅमच्या ज्या भागात एकेकाळी घरोघरी बंदुका बनत, तिथल्या एका विटांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्यांचं वर्कशॉप होतं. खाली प्लंबिंगच्या सामानाचं दुकान, वर आम्ही दोघं. काम एकच. स्कॉटलंडच्या डोंगरांत हरणाच्या शिकारीला जाणारी माणसं आपली बोल्ट-ॲक्शन रायफल घेऊन येत. बोल्ट हाताने मागे ओढून पुढे ढकलला की एकेक गोळी आत जाते, ती साधी जुनी जात. कारखान्यातून येते तेव्हा ती चार किलोच्या आसपास असते. टिपणीस ती पावणेतीन किलोवर आणून देत. लाकडी दस्ता जाऊन फायबरचा येई, नळी बारीक होई, स्क्रूसुद्धा बदलले जात. दिवसभर दगडधोंड्यांतून चढून शेवटी एकच गोळी झाडायची असते, तिथे सव्वा किलो म्हणजे फार मोठी गोष्ट.

स्वतः टिपणीस कधी डोंगर चढले नव्हते. आमच्या जिन्याच्या सतरा पायऱ्या चढून आले की दोन मिनिटं कठड्याला टेकून उभे राहत आणि मी बघतो आहे असं वाटलं की मला झाडू मारायला सांगत. पण डोंगराबद्दल बोलायला लागले की ऐकत राहावं. “डोंगरावर प्रत्येक तोळ्याला शिवी बसते,” ते म्हणत, “आणि ती वाहणाऱ्याला नाही, बनवणाऱ्याला बसते. मला शिव्या खायच्या नाहीत.” शिव्या द्यायला मात्र त्यांची ना नव्हती.

मी त्यांच्याकडे लागलो ते दोन हजार तीन साली. मेधाला, माझ्या बायकोला, इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळाली होती आणि मी तिच्या व्हिसाचं शेपूट धरून आलो होतो. माझा टूल अँड डायचा डिप्लोमा आणि पुण्यातल्या कारखान्याची दहा वर्षं इथे कुणाला नको होती. इथल्या मराठी मंडळात कुणीतरी टिपणिसांचं नाव सांगितलं, वर “जपून हं” असंही सांगितलं. मी रिझ्युमे घेऊन गेलो. त्यांनी तो न उघडताच त्यावर चहाचा मग ठेवला, एक लोखंडाचा तुकडा आणि कानस माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, “चौकोन कर.” तीन तास मी घासत होतो. त्यांनी मापलं, तुकडा कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाले, “सोमवारी ये.” बरा झाला की वाईट, ते मला आजतागायत माहीत नाही.

शिकवणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. “बघ,” एवढंच. बघून शिकायचं, चुकायचं आणि बोलणी खायची. सहा महिन्यांनी त्यांनी मला पहिल्यांदा एक नळी पूर्ण करायला दिली. नळीच्या बाहेरच्या अंगाला लांबीने सहा पन्हळी कापायच्या असतात, म्हणजे वजन उतरतं आणि ताठपणा राहतो. नऊ दिवस मी त्या नळीवर होतो. घरी जेवतानासुद्धा तीच डोळ्यांपुढे. त्यांनी ती उजेडाला धरली, अंगठा फिरवला, मग मापलं. सहांतली एक पन्हळ केसभर खोल गेली होती. धोका काही नव्हता. अशी नळी पुढे चाचणीला जाते, तिथे जास्तीच्या दारूने उडवून बघतात आणि मगच शिक्का मारतात. ती पास झाली असती. टिपणिसांनी ती पकडीत आवळली, हॅकसॉ घेतली आणि माझ्यासमोर तिचे चार तुकडे केले. घाई न करता. एक तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाले, “घरी ने. पेपरवेट होईल.”

मी घरी जाऊन रडलो. चौतिसाव्या वर्षी, लोखंडाच्या नळीसाठी. मेधा म्हणाली, “सोडून दे ना.” सोडलं नाही, कारण त्या नऊ दिवसांत मला हे काम आवडायला लागलं होतं. पुण्यात मी प्रेशर कुकरच्या झाकणांचे साचे केले, दिवसाला हजार झाकणं. इथे एक वस्तू, एका माणसासाठी, त्याच्या खांद्याच्या मापाने. हेच आयुष्यभर करायचं आणि एक दिवस लोकांनी माझं नाव विचारत यायचं, असं मी ठरवून टाकलं. टिपणिसांचा राग आणि कामाचं वेड अशी दोन्ही माझ्यात एकदमच वाढली.

दुकानावरची पाटी त्यांच्या नावाची नव्हती. एक इंग्लिश आडनाव होतं, त्यांनी टेलिफोन डिरेक्टरीतून उचललेलं. फोनवर ते ‘सिड’ असत, अस्सल बर्मिंगहॅमच्या हेलात. एकदा चहा पिताना आपणहून सांगू लागले. चौसष्ट साली गिरगावातून आले, एका नामांकित बंदूकवाल्याकडे लागले आणि अकरा वर्षं मागच्या खोलीत राहिले. गिऱ्हाईक आलं की मालक मधलं दार लावून घेई. बंदूक टिपणिसांनी केलेली, ती दाखवायला मात्र दुसरा. “अकरा वर्षं,” ते म्हणाले, “दाराची आतली बाजू पाठ झाली मला.” ऐकून मला फार वाईट वाटलं. ते वाईट वाटणं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकलं. दुपारी गिऱ्हाईक आलं आणि टिपणीस मला म्हणाले, “नागपूर, मागे जा.”

त्यांची सगळ्यांत मोठी मिजास म्हणजे त्यांचं बोट. उजव्या हाताची तर्जनी. रायफलचा चाप किती जोराने ओढल्यावर सुटतो ते मोजायला एक स्प्रिंगचा काटा मिळतो, साधा. टिपणीस तो वापरत नसत. रिकामी रायफल घेत, डोळे मिटत, बोटाच्या टोकाने चाप हळूहळू ओढत. खट. “तीन पौंड. दोन औंस वर.” गिऱ्हाइकं मित्रांना घेऊन येत हे बघायला. ते गेल्यावर मी ड्रॉवरातला काटा काढून चोरून तपासत असे, ते चुकावेत म्हणून. पहिल्या वर्षी एकदाही चुकले नाहीत. मला त्याचाही राग येई.

मग ती संक्रांत आली. मंडळाने शाळेचा हॉल घेतला होता, हीटिंग बंद पडलेलं. तिळगूळ वाटणाऱ्या बाईंना टिपणीस म्हणाले, “तिळगूळ घेतो. पुढच्या वाक्याची हमी नाही.” सगळे हसले. मेधा मात्र त्यांच्या हाताकडे बघत होती. तिळगूळ दोनदा त्यांच्या बोटांतून निसटला होता आणि बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती, रक्तच नसल्यासारखी.

“काका, थंडीत मुंग्या येतात का हाताला?” तिने विचारलं. “ग्राइंडरवर किती वर्षं झाली?”

“तुझ्या नवऱ्याच्या वयापेक्षा जास्त,” टिपणीस म्हणाले आणि दोन्ही हात खिशात घातले.

बसमध्ये मेधाने मला समजावून सांगितलं. वर्षानुवर्षं मशीनची थरथर हातात गेली की बोटांच्या नसा मरतात. “त्यांना टोकांना नीट कळत नसणार,” ती म्हणाली. “सुईसुद्धा कळणार नाही कदाचित.” मी खिडकीबाहेर बघत होतो आणि, खरं सांगतो, मला बरं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी काटा लावला. ते म्हणाले होते तीन पौंड, काटा म्हणाला अडीच. पुढच्या महिन्यात तीनला सव्वादोन. मी काही बोललो नाही. चाप हलका असला तर शिकाऱ्यांना आवडतोही.

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात, मिसेस फ्रेझरची रायफल आली. स्कॉटलंडच्या एका इस्टेटीवर नवऱ्यामागे हरणांचं काम ती बघत होती. साठीची बाई, चेहरा उन्हावाऱ्याने रापलेला, उजव्या खांद्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. जड काही उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. महिनाअखेरीस माद्यांच्या शिकारीचा मोसम सुरू होणार होता आणि तोवर ती डोंगरावर जाऊ शकली नाही तर इस्टेटवाले दुसरा माणूस ठेवणार होते. “आय ओन्ली नीड इट लाइट,” ती टिपणिसांना म्हणाली. टिपणिसांनी तिला अडीच किलोचा शब्द दिला, इतकी हलकी आम्ही कधीच केली नव्हती. नळी मी केली. टिपणिसांनी उजेडाला धरली, मापली आणि परत माझ्या हातात दिली. पकडीकडे गेले नाहीत. तीन वर्षांतलं माझं कौतुक ते एवढंच. चाप त्यांनी केला.

आमच्याकडे एक रिवाज होता. तयार रायफल बाहेर जाण्याआधी रिकामी ठेवून, बोल्ट बंद करून, दस्ता खाली धरून रबराच्या मॅटवर वीतभर उंचीवरून दहा वेळा आपटायची. चाप ज्याने केला त्याने आपटायची नाही, दुसऱ्याने आपटायची. धक्क्याने चाप सुटला तर रायफल नापास, कारण डोंगरावर पाय घसरून ती दगडावर आपटली तर आपोआप उडेल आणि पुढे कोण चाललं आहे ते बघणार नाही. बुधवारी मी आपटली. तिसऱ्यांदा खट झालं.

“काका, सुटला.”

“परत कर.”

परत केली. पाचव्यांदा सुटला. त्यांनी माझ्या हातातून ओढून घेतली, चाप उघडला, स्क्रू फिरवले, डोळे मिटून बोट लावलं. “तीन पौंड,” म्हणाले. मी आपटली. पहिल्याच वेळी खट. मी ड्रॉवर उघडून काटा काढला आणि त्यांच्यासमोर लावला. सव्वा पौंड. तीन वर्षांत मी तो पहिल्यांदा उघडपणे हातात घेतला होता.

“ते खेळणं ठेव खाली,” टिपणीस म्हणाले.

“काका, तुमच्या बोटाला कळत नाहीये.”

ते शांतपणे म्हणाले, “बॉक्समध्ये घाल. शुक्रवारी ती येतेय.”

“मी नाही घालणार.”

“मग कोट घाल.”

मी कोट घातला नाही आणि रायफलही बॉक्समध्ये घातली नाही. गुरुवारी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. ते दिवसभर चाप उघडत होते, लावत होते, डोळे मिटत होते. मला आपटू देत नव्हते. एकदा एक बारीक पिन त्यांच्या चिमटीतून खाली पडली आणि ती पडली हे त्यांना कळलंच नाही. चिमूट तशीच धरून ते ती भोकापाशी नेत होते. मी पिन उचलून टेबलावर ठेवली. त्यांनी थँक यू म्हटलं नाही.

शुक्रवारी मिसेस फ्रेझर आली. रायफल तिने डाव्या हाताने उचलली, मग भीत भीत उजव्या खांद्याला लावली आणि तिचे डोळे भरून आले. “ओह, सिड,” म्हणाली. टिपणीस हसले. त्या हसण्याने माझं डोकं फिरलं. मी पुढे झालो, “एक्सक्यूज मी” म्हणून रायफल तिच्या हातातून घेतली, बोल्ट बंद केला आणि तिच्यासमोर मॅटवर आपटली. खट.

मिसेस फ्रेझरला त्या आवाजाचा अर्थ कुणी सांगायला नको होता. तिने टिपणिसांकडे बघितलं.

“द लॅड्स बीन ॲट द ट्रिगर,” टिपणीस म्हणाले. “आय टोल्ड हिम नॉट टु टच इट.”

आवाज जराही हलला नाही. मिसेस फ्रेझर माझ्याकडे वळली. “यू कुड हॅव किल्ड समबडी,” ती म्हणाली. ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं.

आता लोक मला विचारतात, तू बोलला का नाहीस? मेधाने तर शंभरदा विचारलं. तेव्हा तोंड उघडून एक वाक्य बोलायचं होतं. पण सत्तरीचा माणूस, आपला माणूस, परक्या गिऱ्हाइकासमोर; त्याला तोंडावर खोटं पाडायचं नसतं, हे माझ्या हाडात लहानपणापासून भिनलेलं. ती गेल्यावर बोलू, असं वाटलं. ती गेल्यावर ते कबूल करतील, असंसुद्धा वाटलं. एवढा मूर्ख मी होतो.

“पुट इट राइट,” ती टिपणिसांना म्हणाली. “यू, सिड. नॉट हिम.” दुपारी चारच्या गाडीआधी परत येते म्हणून ती खाली गेली. तिची पावलं जिन्यावर थांबेपर्यंत टिपणीस हलले नाहीत. मग त्यांनी ड्रॉवर उघडला, काटा काढून रायफलशेजारी ठेवला आणि दोन्ही माझ्याकडे सरकवलं.

“नीट कर,” म्हणाले.

मी केलं. त्यांच्यासाठी नाही. त्या बाईला सोमवारी डोंगरावर जायचं होतं. बरोबर तीन पौंड, रिवाज मोडून मीच दहा वेळा आपटून, मग आणखी दहा वेळा. टिपणीस खिडकीकडे तोंड करून उभे होते. साडेतीनला तिने रायफल घेतली, त्यांचे आभार मानले आणि माझ्याकडे न बघता गेली. मी कोट घातला आणि पुन्हा त्या जिन्याने वर गेलो नाही.

हा धंदा लहान आहे. सगळे सगळ्यांना ओळखतात. मी तीन वर्कशॉपना लिहिलं. दोघांनी उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने फोन करून सभ्यपणे विचारलं, “ट्रिगरचा काही प्रॉब्लेम झाला होता ना?” त्यानंतर मी लिहायचं सोडलं. मेधाची बदली झाली, आम्ही मेडनहेडला आलो आणि मी ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर हॉस्पिटलच्या खाटांची चाकं काढू लागलो. चाकं चांगली असतात. कुणाला त्यांची आठवण राहत नाही.

टिपणिसांनी सहा महिन्यांत दुकान बंद केलं, परवान्याचे कागद स्वतः पोलिसांना परत केले आणि सगळ्यांना सांगितलं की हल्ली चांगली माणसं मिळत नाहीत. त्या सहा महिन्यांत त्यांनी एकही नवी रायफल घेतली नाही हे मला नंतर कळलं. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. त्याने माझा राग कमी झाला नाही, वाढला.

दोन वर्षांनी मी पिनरला त्यांच्या मुलीच्या घरी गेलो. ते तिच्याकडे राहायला आले होते. खिशात एक पत्र होतं, मीच टाइप केलेलं. मिसेस फ्रेझरच्या नावे दोन ओळी: चाप मी केला होता, त्याने दुरुस्त केला. खाली टिपणिसांच्या सहीची जागा. एवढं मिळालं असतं तर मी पुन्हा अर्ज करणार होतो. मेधाला मी हे सांगितलंही होतं, आणि ती माझ्या शर्टाला इस्त्री करायला उठली होती.

दार त्यांच्या नातीने उघडलं, निशाने. कॉलेजातली, इथेच वाढलेली. “आजोबा आत बसली आहे,” ती म्हणाली. “तुम्ही चहा घेणार? मी आत्ताच केली.”

टिपणीस मागच्या काचेच्या खोलीत बसले होते, गुडघ्यांवर शाल. मला बघून म्हणाले, “नागपूर. जाड झालास.” निशा चहा ठेवून गेल्यावर मी पत्र त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या.

“नाही,” म्हणाले.

“काका, खोटं काही लिहिलेलं नाही त्यात.”

“नाहीये खोटं.” त्यांनी चष्मा काढला. “तेव्हा तू तिशी-पस्तिशीतला. तुला दुसरं काम मिळणार होतं. मिळालं ना? मला मिळालं नसतं.”

“आता तर तुम्ही काम करत नाही.”

“काम गेलं, म्हणून तर नाव उरलंय. ते तुला कशाला देऊ?”

मी पत्र घडी करून खिशात घातलं. चहा तसाच ठेवला. त्यांच्या वयाच्या माणसाला मारावंसं वाटणं ही चांगली गोष्ट नाही, पण मला वाटलं. मी निघालो तसे ते उठले. आमच्या लोकांत पाहुण्याला दारापर्यंत सोडतात. टिपणीस भिंतीला हात लावत माझ्या पुढे चालत दाराशी आले.

दाराला छोटं गोल कुलूप होतं, चिमटीत धरून फिरवायचं. त्यांनी धरलं. बोटं नुसती त्यावरून सरकली. पुन्हा धरलं, आपण काय धरलं आहे ते वाकून बघितलं, फिरवलं. हात फिरला, कुलूप नाही. तिसऱ्यांदा त्यांनी दोन्ही हात लावले. मी त्यांच्या खांद्याशी उभा होतो, वीतभर अंतरावर. एका बोटाचं काम होतं. मी दोन्ही हात कोटाच्या खिशात ठेवले आणि बघत राहिलो. घाई न करता.

शेवटी त्यांनी हाक मारली. “निशा!”

ती धावत आली आणि जाता जाता उघडावं तसं एका हाताने दार उघडलं. “आजोबा, मला आधी बोलवायची ना!”

“मी कशाला बोलवू,” टिपणीस म्हणाले. “ह्याला म्हटलं उघड, तर ह्याला उघडता येईना.”

निशाने माझ्याकडे बघितलं आणि मला वाईट वाटू नये म्हणून हसली. “इट्स अ बिट स्टिफ, अंकल. डोन्ट वरी.”

टिपणीस माझ्याकडे बघत होते. मी काय म्हणतो, याची वाट बघत.

“थँक यू,” मी निशाला म्हटलं आणि बाहेर पडलो.